एवढ्याशाने काय होतं, ते ऐका

गहू माझ्यासाठी विष आहे. हे मी आजवर पुष्कळ सभ्य शब्दांत सांगून पाहिलं. ‘मला गहू सोसत नाही’, ‘डॉक्टरांनी बंद केलाय’, ‘पथ्य चालू आहे’. प्रत्येक वेळी समोरून ठरलेलं उत्तर आलं: एवढ्याशाने काही होत नाही. नातेवाईक म्हणाले, शेजारणी म्हणाल्या, हॉटेलातला वाढपी म्हणाला, गिरणीवाला म्हणाला. आणि ज्यांनी तरी म्हणू नये त्या डॉक्टरांनीही म्हटलं. माझ्या आजाराचं नाव सिलिॲक. त्याच्याशी मी जुळवून घेतलं आहे, कारण त्याचे नियम स्पष्ट आहेत आणि ते पाळले की तो गप्प बसतो. या बेफिकिरीशी मात्र मी जुळवून घेणार नाही. ती माणसांच्या जिवाशी खेळते आहे आणि तिला आपण आग्रह, माया, प्रसाद, पाहुणचार अशी गोड नावं देऊन ठेवली आहेत.

आधी आजार समजून घ्या, कारण न समजता बोलणाऱ्यांनीच सगळा घोळ घालून ठेवला आहे. सिलिॲक ही ॲलर्जी नव्हे आणि अपचनही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन म्हणून ओळखली जाणारी प्रथिनं असतात. कणीक चिवट होते, पोळी न फाटता पातळ लाटली जाते, ती त्यांच्यामुळेच. ज्यांच्या जनुकांत एक विशिष्ट घडण असते, त्यांच्यातल्या काहींच्या पोटात ही प्रथिनं गेली की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषून घ्यायचं काम त्यांचं. हल्ला चालू राहिला की ते झिजतात आणि शेवटी सपाट होतात. मग माणूस ताटभर जेवतो आणि तरी उपाशी राहतो. रक्त वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते, मुलींना पाळी उशिरा येते, बायकांना दिवस राहत नाहीत किंवा राहिले तर टिकत नाहीत. क्वचित आतड्याचा कर्करोगही होतो. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद, हा एकच उपचार. तो नीट केला तर बहुतेकांचं आतडं पुन्हा भरून येतं.

आता ‘एवढंसं’ म्हणजे किती, त्याचा हिशेब. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी आहार सांभाळून बरे झालेल्या रुग्णांना अगदी थोडं ग्लुटेन रोज देऊन पाहिलं. रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेलं, तेवढ्यानेही आतड्याचं अस्तर बिघडलेलं दिसलं. घरातल्या मध्यम पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ लागतं. त्यात ग्लुटेन तीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 50 मिलिग्रॅम हा एका पोळीचा साठावा हिस्सा. एका पोळीचे साठ तुकडे करा आणि त्यातला एक हातावर घेऊन बघा. पोलपाटावर भुरभुरवलेली पिठी, न धुतलेल्या परातीच्या काठाला सुकलेली कणीक, पोळ्यांच्या तव्यावर भाजलेली माझी भाकरी, यांतून तेवढा गहू सहज येतो. खाल्ल्याबरोबर मी कोसळून पडत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की काही झालं नाही. आतडं आतून सोलवटतं तेव्हा आवाज होत नाही. परिणाम महिन्यांनी रक्ताच्या अहवालात दिसतो आणि तोवर आग्रह करणारा पुढच्या पंगतीत दुसऱ्या कुणाला तरी वाढत असतो.

डॉक्टरांबद्दल बोलायलाच हवं. माझं हिमोग्लोबिन बरीच वर्षं खाली होतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, सिरप झालं, जंताचं औषध झालं, खजूर-गूळ-बीट झालं, शिरेतून लोहही देऊन झालं. चढलेलं रक्त थोड्या दिवसांत पुन्हा उतरायचं. ‘बायकांना असतंच’, ‘टेन्शन घेऊ नका’, ‘बाहेरचं खाणं कमी करा’. दिलेलं लोह जातं कुठे, हा साधा प्रश्न एकालाही पडला नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो विचारला आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या प्रतिपिंडांची ही तपासणी आज शहरातल्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. ती प्रतिपिंडं सापडली तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहतात आणि निदान पक्कं होतं. यात न जमण्यासारखं काही नाही. न जमणारी गोष्ट एकच, ती म्हणजे शंका घेणं.

आणि शंका का घेत नाहीत? कारण हा गोऱ्या लोकांचा आजार, फार तर पंजाब्यांचा, ही समजूत दवाखान्यांतून अजून हललेली नाही. उत्तर भारतात सुमारे शंभर माणसांत एकाला सिलिॲक असतो, हे 2011 सालीच प्रसिद्ध झालं आहे. 2016 मध्ये देशाच्या तीन भागांतल्या प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. सिलिॲकची प्रतिपिंडं उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत सापडली. या आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू 455 ग्रॅम, दक्षिणेत 25 ग्रॅम. आता महाराष्ट्राने आपलं ताट पाहावं. सकाळी पोहे नसतील त्या दिवशी उपमा, डब्यात पोळी-भाजी, चहाबरोबर बिस्किट किंवा खारी, संध्याकाळी पाव, रात्री पुन्हा पोळी. जनुकं आपल्याकडेही आहेत आणि गहूही आता भरपूर आहे. तरीही वर्षानुवर्षं रक्त न वाढणाऱ्या बाईला, वाढ खुंटलेल्या पोराला, वारंवार तोंड येणाऱ्या आणि जुलाबांनी खंगलेल्या माणसाला ही एक तपासणी लिहून दिली जात नाही. याला मी निष्काळजीपणा म्हणते. उत्तरेतल्या मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या मुलांच्या जुनाट जुलाबाचं हे एक प्रमुख कारण आहे, हे बालरोगतज्ज्ञांना शिकवलेलं असतं. शिकवलेलं वापरायला मुहूर्त लागत नाही.

निदान झालं तरी अर्धवट सोडतात. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं आणि मुलं यांत, शंभरांत सात-आठ जणांना हा आजार निघतो. त्या सगळ्यांची तपासणी करायची असते, तक्रार असो वा नसो. किती डॉक्टर हे सांगतात? मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः वाचलं आणि घरच्यांच्या मागे लागले. तपासणीत माझी भाची निघाली. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून तिला पहिल्या बाकावर बसवत होते आणि घरचे म्हणत होते, आजीवर गेली आहे. आता गहू बंद झाल्यावर तिची उंची वाढते आहे. निदान आणखी काही वर्षं लांबलं असतं तर वाढीचं वय निघून गेलं असतं आणि ती उंची तिला कुणीही परत दिली नसती.

डॉक्टरांनंतर नातेवाईक. सत्यनारायणाच्या पूजेला गेले होते. काकूंनी द्रोणात शिरा आणून दिला. मी हात जोडले. “काकू, मला रवा चालत नाही. रवा गव्हाचाच असतो.” काकू म्हणाल्या, “अगं, देवाचा प्रसाद आहे. बोटभर घे. देवाच्या दारात कुणाला बाधतं का?” आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, प्रसादाला नाही म्हणू नये. कुणीतरी साधू वाण्याची गोष्ट काढली, प्रसाद नाकारला की काय होतं ते मला ऐकवायला. मी तुळशीचं पान आणि केळं घेतलं आणि शिरा परत दिला. त्या दिवसापासून त्या घरात मी देवाधर्माचं न मानणारी, शिकून शिंगं फुटलेली बाई झाले. मला विचारायचं आहे: तीर्थ, तुळशीपत्र, फळ हा प्रसाद नव्हे काय? मधुमेह झालेल्या आजोबांना तुम्ही कणभर साखर देऊन सोडता, उपास असलेल्या सुनेला फराळाचं वेगळं करता, जैन शेजाऱ्यांसाठी कांदा-लसूण न घालता भाजी करता. हे सगळं तुम्हाला जमतं. त्यांच्या नियमामागे धर्म आहे किंवा ओळखीचा आजार आहे, म्हणून तुम्ही तो मानता. माझ्या नियमामागे माझं आतडं आहे, तेवढं पुरेसं वाटत नाही.

‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही.’ होतं. ज्यांना होतं ती मुलं मरायची. ‘पोटाने गेलं’, ‘अंगाला अन्न लागलंच नाही’, ‘मुडदूस झाला’ असं म्हणून घरं गप्प बसायची. हा आजार काल-परवाचा नाही. लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरने 1888 साली त्याचं नीट वर्णन केलं आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच, असंही लिहून ठेवलं. आहारातलं नेमकं काय काढायचं ते मात्र कळलं नव्हतं. ते शोधलं नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. पावावर शंका त्याला आधीपासून होती. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पावाचा दुष्काळ पडला, लोक उपासमारीने मेले आणि त्याच काळात सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पुढे गहू परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्याने उट्रेख्तच्या विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला आणि गुन्हेगार गहू आहे हे दाखवून दिलं. तेव्हा ‘हल्लीची फॅडं’ म्हणणाऱ्यांनी तारीख बघून बोलावं. भारतात घटना लागू झाली त्या वर्षापासून हे माहीत आहे.

फॅडं आहेत, आणि त्यांच्यावर माझा राग तुमच्यापेक्षा जास्त आहे. वजन उतरवायला, चेहरा उजळायला, चार लोकांत आधुनिक दिसायला ग्लुटेन सोडणाऱ्यांनी आमचं दुहेरी नुकसान केलं. एक म्हणजे हॉटेलात मी ‘यात गहू आहे का’ विचारलं की वाढप्याच्या चेहऱ्यावर लगेच ‘हिचेही चोचले’ असं उमटतं. आदल्या टेबलावरच्या बाईंनी ग्लुटेन-फ्री मागून शेवटी केक खाल्लेला त्याने पाहिलेला असतो. दुसरं नुकसान अधिक गंभीर आहे. कुणाच्या तरी सल्ल्याने माणूस आधी गहू सोडतो, बरं वाटतं, मग काही महिन्यांनी तपासणीला जातो. तोवर प्रतिपिंडं उतरलेली असतात, आतडं सुधारायला लागलेलं असतं आणि अहवाल निर्दोष येतो. खरं निदान व्हायचं तर त्याला पुन्हा काही आठवडे गहू खाऊन आजारी पडावं लागतं. म्हणून संशय असेल तर आधी तपासणी, मग गहू बंद. हा क्रम उलटा करायला सांगणारा आहारतज्ज्ञ असो, योगशिक्षक असो की मोबाइलवर रोज सकाळी आरोग्य शिकवणारा कुणी असो, त्याचं ऐकू नका.

याच बाजारात दुसरी टोळी आहे ती ‘देशी’वाल्यांची. खपली गहू चालतो म्हणे, कारण तो जुना. जात्यावर दळलेला चालतो, सेंद्रिय चालतो, आंबवलेला चालतो. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. शेतात युरिया घातला काय आणि शेणखत घातलं काय, गव्हातलं ग्लुटेन जात नाही. आजीच्या हातच्या जात्यानेही जात नाही. आणि ‘सिलिॲक मुळापासून बरा’ अशी पाटी लावून काढे आणि चूर्णं विकणाऱ्यांना तर मी सरळ फसवे म्हणते. रुग्ण गहू बंद करतो म्हणून सुधारतो, श्रेय हे घेतात आणि मग म्हणतात, आता थोडा थोडा गहू सुरू करा. शाळकरी मुलाच्या आईबापांना असा सल्ला देऊन पैसे घेणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले पाहिजेत.

आता स्वयंपाकघरात या. तुम्ही म्हणाल, भात खा, वरण खा, त्यात कुठे आला गहू? वरणाच्या फोडणीत आला. आपल्या घराघरांत डबीतून येतो तो बांधणी हिंग. शुद्ध हिंगाचा चीक इतका उग्र की तो तसा विकत नाहीत, त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबी उलटी करून वाचा, भिंगाखाली वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आजाऱ्याला म्हणून मऊ भातावर मेतकूट घालता, त्यात डाळींबरोबर मूठभर गहू भाजून घातलेले असतात. थालिपिठाच्या भाजणीत गहू. ‘नाचणी बिस्किट’ म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पुड्यावर घटकपदार्थांत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे बहुतेक गहूच, चवीला बाकीची धान्यं. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींत माल्ट म्हणजे जव. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये गहू. हे सगळं आम्हाला पाठ करावं लागतं आणि कंपनीने कधी कृती बदलली की पुन्हा पाठ करावं लागतं.

गिरणीत तर उघड्या डोळ्यांनी फसवणूक चालते. मी ज्वारीचा डबा घेऊन उभी राहते. माझ्या पुढच्या बाईचं दहा किलो गव्हाचं दळण नुकतंच उतरलेलं असतं. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी नळीवर बोटभर पांढरं पीठ बसलेलं, दगडांच्या फटीत पीठ, हवेत पीठ, गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ. तो नळीला दोन थापट्या मारतो आणि म्हणतो, “झाली साफ, ताई. द्या डबा.” माझ्या ज्वारीचं पहिलं शेर-दोन शेर पीठ म्हणजे शुद्ध भेसळ. त्याला सांगावं तर तो म्हणतो, तुमच्या एका डब्यासाठी गिरणी उघडून धुऊ का? त्याचंही खोटं नाही. पण मग निदान वार ठरवा. उपासाच्या पिठासाठी आषाढी, महाशिवरात्र, नवरात्रात याच गिरण्या स्वच्छ करून वेगळं दळतात, ‘येथे उपवासाचे दळण मिळेल’ अशा पाट्या लावतात. म्हणजे साफ करता येते. गिऱ्हाइकाच्या व्रतासाठी करतात, गिऱ्हाइकाच्या जिवासाठी करत नाहीत. मी शेवटी घरघंटी घेतली. ती परवडली म्हणून घेतली. ज्यांना परवडत नाही ते रोज तेच भेसळीचं पीठ खातात आणि डॉक्टर त्यांना विचारतात, पथ्य का पाळत नाही?

कायद्याची अवस्था अशीच. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, हा आंतरराष्ट्रीय निकष आपल्याही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घेतला आहे. पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेनची धान्यं असल्याचं जाहीर करणं बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी असे घटक ग्राहकाला सांगायचे आहेत. कागदावर सगळं चोख. पण आपण खातो ते कोपऱ्यावरच्या बेकरीत, बचतगटाच्या स्टॉलवर, खानावळीत, मंगल कार्यालयात. तिथे ‘ग्लुटेन-फ्री ज्वारी ब्रेड’ अशी हाताने लिहिलेली पाटी लागते आणि तो ब्रेड छान फुगलेला असतो. ज्वारी तशी फुगत नाही, हे सांगायला अन्ननिरीक्षक लागत नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘थोडा मैदा घालावा लागतो हो, बाइंडिंगला.’ अशा पाटीवाल्याला दंड झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मिठाईत निकृष्ट खवा सापडला की दिवाळीत छापे पडतात, फोटो छापून येतात. आमच्यासाठी ती पाटी त्या खव्याइतकीच घातक आहे.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, हे महाराष्ट्रात घडतं. मी सोलापूरकडची. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, मालदांडीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. देशावर बाजरी, कोकणात तांदूळ आणि नाचणी, खानदेशात कळण्याची भाकरी, गोव्यात सान्नां आणि पोळे. घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, पातोळ्या, अंबील, वरीचा भात, राजगिऱ्याची भाकरी. यांतलं काहीही करताना गहू लागत नाही. सिलिॲकच्या माणसाने जन्म घ्यायला याहून सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. पण पोळी ही प्रतिष्ठा झाली आणि भाकरी गरिबी. पाहुण्याला भाकरी वाढायची लाज वाटू लागली. भाकरी थापणारे हात घरातून गेले. आणि आता तीच ज्वारी-नाचणी ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून चकचकीत पाकिटात घालून गव्हाच्या कितीतरी पट भावाने विकतात. 2023 हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, श्रीअन्न असं नाव दिलं गेलं, पंचतारांकित हॉटेलांत बाजरीची खीर वाढली गेली. त्या वर्षात सिलिॲक असलेल्या गरिबाच्या घरात किती ज्वारी पोचली, हे कुणी विचारलं का?

कारण गरिबाच्या घरात पोचतो तो रेशनचा गहू. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य दिलं. कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्यंही लिहिलेली आहेत. पण दुकानदाराच्या यंत्रावर जे आलं ते घ्यायचं. घरात सिलिॲकचं मूल आहे, त्याच्या वाट्याचा गहू नको, तेवढा तांदूळ किंवा ज्वारी द्या, असं म्हणायची सोय कुठे आहे? आई तो गहू विकेल आणि ज्वारी आणेल, किंवा मुलाला तोच गहू घालेल. दुसरं काही तिच्या हातात नाही. इटलीने 2005 साली सिलिॲकसाठी वेगळा कायदा केला. तिथे रुग्णाला ग्लुटेनमुक्त अन्नासाठी ठरावीक भत्ता मिळतो आणि शाळा-रुग्णालयांतल्या उपाहारगृहांत मागितलं तर ग्लुटेनमुक्त जेवण द्यावं लागतं. पाव आणि पास्त्यावर जगणाऱ्या देशाला हे जमलं. भात-भाकरीच्या राज्याला कोठारात असलेलं धान्य अदलून देणं जमत नाही, हे मला कुणी पटवू नये.

एक गोष्ट बोलायला घरं घाबरतात, ती मी बोलते. मुलींचा सिलिॲक लपवला जातो. ‘लग्न व्हायचंय, कुणाला सांगू नका.’ मग ती मुलगी सासरी जाते आणि पहिल्या दिवसापासून उखाणा घेऊन जिलबीचा घास खाते, पुरणपोळी खाते, चार घरची आमंत्रणं खाते. सांगावं तर फसवलं म्हणतील, न सांगावं तर रोज विष. वर्षभरात ती खंगते, दिवस राहत नाहीत, आणि दोषही तिच्याच नशिबाला लागतो. असं करणाऱ्या आईबापांना मी माफ करत नाही, कितीही प्रेमाने केलं तरी. आणि ज्या घराला सुनेसाठी पोळीऐवजी भाकरी थापणं जड जातं, त्या घरात मुलगी न गेलेलीच बरी. छत्तीस गुण जुळवणाऱ्यांनी ताट जुळतं का तेही विचारावं आणि मुलीकडच्यांनी ते ताठ मानेने सांगावं. हे व्यंग नाही, कलंक नाही. योग्य अन्न मिळालं तर सिलिॲकची बाई चारचौघींसारखी नोकरी करते, मुलं वाढवते, डोंगर चढते.

म्हणून मागणं साफ आहे. डॉक्टरांनी औषधाला दाद न देणारा रक्तक्षय, खुंटलेली वाढ, जुनाट जुलाब आणि कारण न सापडणारं वंध्यत्व पाहिलं की ही एक तपासणी लिहावी आणि निदान झालं की घरच्यांचीही करावी. सरकारी रुग्णालयांत ती फुकट व्हावी. सिलिॲकच्या नोंदणीकृत रुग्णाला रेशनवर गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळावी आणि अंगणवाडीतल्या मुलाला गव्हाचा आहार देण्याआधी त्याची ही नोंद पाहिली जावी. काही जिल्हा परिषदा महिलांना पिठाच्या गिरणीसाठी अनुदान देतात, त्यात ही कुटुंबं आधी घ्यावीत. अन्न व औषध प्रशासनाने ‘ग्लुटेन-फ्री’च्या पाट्या तपासाव्यात आणि खोट्या निघतील त्या दुकानांचे परवाने काढून घ्यावेत. यांतल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही, परदेशी तंत्र लागत नाही.

आणि तुम्ही, जे आम्हाला मायेने जेवायला बोलावता, तुमच्याकडे मी वेगळा स्वयंपाक मागत नाही. आमचा डबा आम्ही आणतो. तो तुमच्या पंगतीत बसून, नाक न मुरडता, शांतपणे खाऊ द्या. वाढताना यात गहू आहे की नाही ते खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ‘काही होत नाही’ असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही, कारण जे होतं ते तुमच्या आतड्यात होत नाही. आम्ही नाही म्हटलं की ते नाही एकदाच ऐका. दुसऱ्यांदा आग्रह कराल तर तो प्रेमाचा आहे असं मी यापुढे समजणार नाही.